टेकाळे मॅडमनी थांबवलेली शर्यत

टेकाळे मॅडम मैदानावर उतरल्या की खेळाडूंच्या आधी आम्ही प्राध्यापकच शर्ट नीट खोचून उभे राहायचो. त्या आमच्या कॉलेजच्या क्रीडा संचालक. उंची बेताची, अंग काटक, केस मागं घट्ट बांधलेले, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. आवाज मोठा नव्हता. उलट राग आला की तो आणखी खाली उतरायचा आणि समोरच्याला घाम फुटायचा. मी भूगोलाचा माणूस. खेळाशी माझा संबंध पेपरच्या शेवटच्या पानापुरता. पण नव्या माणसाला कुठल्यातरी समितीत अडकवायचं म्हणून प्राचार्यांनी मला क्रीडा समितीत टाकलं आणि पुढची कितीतरी वर्षं मी या बाईंच्या मागं मागं परभणी जिल्हा पालथा घातला.

त्या कधी बसायच्या नाहीत. मीटिंग कितीही लांबली तरी दाराजवळ, पाय किंचित फाकवून, कशालाही न धरता उभ्या. चालत्या मिनीबसमध्येसुद्धा तशाच. पोरींना घेऊन कुठं निघायचं असलं की आधी लांबून नजरेनं मोजायच्या, मग प्रत्येकीच्या खांद्याला हात लावत पुन्हा मोजायच्या. एकदा मी म्हणालो, "मॅडम, आत्ताच तर मोजल्या." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बसवलंय आपण, तर उतरवायचंही आपणच," एवढं म्हणून पुढच्या खांद्याला हात लावला.

ही सवय कुठली ते मला विभागीय क्रीडा मंडळाच्या एका बैठकीत कळलं. नवे अध्यक्ष आले होते. त्यांनी सगळ्या क्रीडा संचालकांना उभं करून ओळख करून द्यायला लावली, आधी कुठं होतात, काय करत होतात, सगळं. एकजण फौजेतून आलेला. एकजण तालमीतला, कानाच्या पाळ्या मोडलेल्या. एकानं आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेली. एका तरुणानं चुलत्याच्या संस्थेत लागल्याचं सांगायचं टाळून "मला पहिल्यापासून आवड आहे" एवढंच सांगितलं. मग मॅडमची पाळी आली.

"मी एस.टी.त कंडक्टर होते. जिंतूर-येलदरी लाइनीला."

सभागृहात हसू पिकलं. अध्यक्ष खुशीत आले. "अरे वा! म्हणजे आता आमची तिकिटं फाडणार तुम्ही?"

"फाडीन की," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "फक्त तुमी कुठं उतरणार तेवढं सांगा."

यावेळचं हसू वेगळं होतं. अध्यक्षांनी घाईघाईनं पुढच्या माणसाकडं बोट केलं. मंडळात पुढं कधी कुणी मॅडमची थट्टा केली नाही, आणि कुणी त्यांना माफही केलं नाही.

त्या मूळच्या वालूरच्या. शाळेत असल्यापासून खो-खो. विद्यापीठाच्या संघातून खेळल्या, बी.पी.एड. केलं, पण खेळाची नोकरी काही हाताला लागेना. कंडक्टरची भरती निघाली, ती मिळाली. गाडी येलदरीला पोचून परत फिरेपर्यंत जो वेळ मिळायचा त्यात धरणाकडं तोंड करून पुस्तकं वाचली. बिनपगारी रजा काढून एम.पी.एड. केलं, सेट पास झाल्या. हे सगळं त्यांनी मला एका प्रवासात तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. "लोकं म्हणतात वरच्या हुद्द्यावर गेली," त्या म्हणाल्या. "मला तर वाटतं गाडी बदलली फक्त. पाशिंजर तीच."

त्यांच्या हट्टाची पहिली झळ मला येलदरीजवळच लागली. जिंतूरला सामने जिंकून आम्ही धरण बघायला म्हणून वाट वाकडी केली होती आणि दुपारी परत निघालो होतो. भाड्याची मिनीबस, मागं पोरी गाणी म्हणतायत, मी पुढं. मॅडम अचानक माझ्या आणि ड्रायव्हरच्या मधून वाकल्या, क्षणभर तशाच थांबल्या, आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडी बाजूला घे."

"का हो, मॅडम?"

"घे बाजूला."

गाडी थांबली. त्यांनी हात घालून किल्ली काढली. तेव्हा माझ्याही नाकाला दारूचा वास आला. मघापासून मी तो डिझेलचा समजत होतो.

"उतरा समद्या," त्या मागं वळून म्हणाल्या. गाणं बंद पडलं. ड्रायव्हर खाली उतरला. पैलवान गडी, डोळे लाल. तो मॅडमच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "बाई, गाडी कुणाची हाय ठावं हाय का? सचिव साहेबांच्या मेव्हण्याची हाय. किल्ली द्या."

रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. पोरी एकमेकींना चिकटून उभ्या. मी मध्ये पडावं की काय अशा विचारात नुसताच अर्धा पाऊल पुढं सरकलो होतो.

"गाडी कुणाचीबी असू दे," मॅडम म्हणाल्या. "पोरी माझ्या हायेत."

त्यानं हात उगारल्यासारखा केला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, मुठीतली किल्लीही सुटली नाही. तो हात कसाबसा केसांवरून फिरवून त्यानं खाली घेतला आणि शिव्या देत झाडाखाली जाऊन बसला. आम्ही पायी येलदरीपर्यंत परत गेलो आणि मिळेल त्या एस.टी.नं घरी आलो. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती किल्ली संस्थेच्या सचिवांच्या टेबलावर ठेवली. "तुमच्या पाहुण्यांची," एवढंच म्हणाल्या. सचिव हसले. पण ते हसणं मी बघितलं होतं, आणि हे प्रकरण इथं संपणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

मीरा आमच्याकडं आली ती पिंगळीहून. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायची. वडिलांची पिठाची गिरणी, घरात खेळाचं नाव नाही. मॅडमनी तिला स्टेशनवरून वर्गाकडं पळत जाताना बघितलं आणि तिथंच अडवलं. "कुठं चाललीस?" "तास चुकायलाय, मॅडम." "तास चुकू दे. उद्या सकाळी बूट घालून ये."

तीन वर्षं त्यांनी त्या पोरीला घडवलं. शब्दानं कधी गोंजारलं नाही. "श्वास घरी ठिवून आलीस का गं?" नाहीतर "पाय उचल, शेण तुडवायलीस का?" हेच चालायचं. मीरा पण तशीच, उलटं बोलायची नाही, दात आवळून आणखी एक फेरी मारायची. शेवटच्या वर्षी विभागात तिच्यापुढं टिकेल अशी कुणी उरली नव्हती. विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघात नाव लागलं की अखिल भारतीय स्पर्धा, तिथं काही केलं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात जायची वाट. घरच्यांनी तिला तेवढ्या वर्षापुरतीच मुभा दिली होती. हे मॅडमला ठाऊक होतं, मलाही होतं.

त्या वर्षी तो संघ निवडायच्या क्रॉसकंट्रीचं यजमानपद आमच्या कॉलेजकडं आलं. मुलींची दहा किलोमीटरची शर्यत. मार्ग मॅडमनी स्वतः स्कूटीवरून फिरून आखला होता. मैदानातून निघायचं, शेतरस्त्यानं कालव्यापर्यंत, कालव्याच्या एका काठानं पुढं, पूल ओलांडून दुसऱ्या काठानं परत. वेळ ठरली होती उजाडतानाची. ऑक्टोबर संपत आला होता, पण आपल्याकडं ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

उजाडलं, पोरी तयार झाल्या, पण उद्घाटनाचे पाहुणे आले नाहीत. सचिवांनी कुणा मोठ्या पुढाऱ्याला बोलावलं होतं आणि त्यांच्या गाड्या वाटेत कुठंतरी सत्कार घेत येत होत्या. पोरी हातपाय मोकळे करून थकल्या, मांडवाच्या सावलीत बसल्या, पुन्हा उठल्या. केळी संपली. सूर्य डोक्याकडं चढत गेला. गाड्या आल्या तेव्हा जमिनीतून वाफ निघत होती.

मॅडम सरळ सचिवांकडं गेल्या. "साहेब, हे ऊन पळायचं न्हाई. संध्याकाळी घेऊ."

"पाहुणे संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत का?"

"मग त्यांच्या हातानं नारळ फोडा, भाषण होऊ द्या. शर्यत उद्या सकाळी."

"बाहेरगावच्या टीमा आज परत जाणार. कॅमेरे आलेत. मॅडम, प्रत्येक गोष्टीत तुमचंच चालायचं का?" सचिवांचा आवाज गोड होता. "ती किल्ली मी अजून विसरलो नाही बरं का."

प्राचार्य मध्ये आले. त्यांनी अक्षरशः हात जोडले. "मॅडम, कॉलेजची अब्रू आहे. पोरी खेड्यातल्या आहेत, शेतात दिवसभर राबतात. काही होत नाही." दुसऱ्या कॉलेजांचे संघ व्यवस्थापकही कुरकुरायला लागले होते, उरकून टाका म्हणत होते. मॅडमनी पोरींच्या घोळक्याकडं बघितलं. मीरा बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होती. मॅडमनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग माझ्याकडं वळल्या.

"सर, तुमी पुलावर. गफूरचाचाला संग घ्या, पाण्याचे माठ न्या. येणारी एक एक पोरगी मोजायची. नुसता नंबर वाचायचा न्हाई, तोंड बघायचं."

गफूरचाचा आमच्या मैदानाचे राखणदार. आम्ही दोघं टेम्पोतून पुलावर पोचलो, तेवढ्यात मैदानावरून फोन आला आणि त्यात शिट्टी ऐकू आली. पाहुण्यांनी झेंडी दाखवली होती, पण शिट्टी मॅडमची होती.

पहिली आली मीरा. एकटी. मागं बऱ्याच अंतरापर्यंत रस्ता मोकळा. तिनं पाणी घेतलं नाही, हातानंच नको म्हणाली आणि पूल ओलांडून गेली. चेहरा लाल, पण पाऊल पक्कं. मग दोघी, मग घोळका, मग फरफटत येणाऱ्या. काही थांबून पाणी डोक्यावर ओतून घेत होत्या. एकीला भोवळ आली, तिला चाचांनी सावलीत बसवून पाणी पाजलं, तर ती उठून पुन्हा निघाली. मी मोजत होतो. सगळ्यात शेवटी मॅडमची स्कूटी आली.

"किती?"

मी आकडा सांगितला.

"एक कमी हाय."

"मागं राहिली असेल, मॅडम."

"मागं मी होते, सर." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "मागं कुणी न्हाई."

मी मैदानावर फोन लावला. मध्येच कुणी सोडून परत आलंय का? नाही. नंबरावरून नाव निघालं, सेलूकडच्या एका कॉलेजची राणी म्हणून पोरगी. पहिल्यांदाच पळत होती. अॅम्ब्युलन्स कुठं आहे? मांडवापाशी, पाहुण्यांच्या गाड्यांच्या मागं. अलीकडच्या काठाला स्कूटीपुरतीच पायवाट; चारचाकीला यायला वाट एकच होती, कालव्याच्या दुसऱ्या काठाची, आणि त्या अरुंद वाटेवरून समोरून सगळी शर्यत येत होती.

मॅडमनी कालव्यापलीकडं बघितलं. त्या काठावर लांब, एक छोटा ठिपका पुढं चालला होता. तो ठिपका कोण आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"तुमी दोघं मागं जा. दोन्ही बाजूची रानं बघत जा," त्या म्हणाल्या. "मी गाडी आणते."

स्कूटी पूल ओलांडून गेली. मी आणि चाचा उलट्या दिशेनं पळत सुटलो. कापसाच्या सरी, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, आणि मध्ये मध्ये पुरुषभर उंच तुरी. "राणी! ए राणी!" मी ओरडत होतो आणि मध्येच नजर पाण्यापलीकडं जात होती. स्कूटी एकेका पोरीला मागं टाकत गेली, मीराच्याही पुढं गेली आणि वाटेवर आडवी झाली. मग एक लांबलचक शिट्टी आली. मीरानं बाजूनं निसटायचा प्रयत्न केला. मॅडमनी तिचं मनगट धरलं. ती हिसडे देत होती. काय बोलणं झालं ते एवढ्या लांबून कळलं नाही. मग मीरा वाटेच्या कडेला मटकन खाली बसली, मागून येणाऱ्या पोरीही कडेला होत गेल्या, आणि मोकळ्या झालेल्या काठावरून अॅम्ब्युलन्सचा भोंगा जवळ येऊ लागला.

"सर! इधर आव, जल्दी!" चाचा तुरीतून ओरडले.

सावली शोधत ती पोरगी आत शिरली असणार. दोन ओळींच्या मध्ये पालथी पडली होती. चाचांनी तिला उताणी केली. डोळे वर गेलेले, कातडी तव्यासारखी तापलेली आणि घामाचा थेंब नाही. मॅडम तुरी मोडत आल्या, तिची मान मांडीवर घेतली, पदर भिजवून अंगावर टाकला आणि सारखं एकच म्हणत राहिल्या, "राणे, डोळे उघड. उघड की गं." पोरीनं डोळे उघडले नाहीत. उचलून पुलाशी आणून गाडीत घातलं तेव्हाही उघडले नव्हते. शहरात पोचेपर्यंत मॅडम तिच्या पायाशी वाकून उभ्या होत्या.

राणी वाचली. कितीतरी दिवस दवाखान्यात काढले, पण वाचली. थोडा उशीर झाला असता तर नसती, असं डॉक्टर म्हणाले. तिचे आईवडील शाल-नारळ घेऊन कॉलेजात आले तेव्हा मॅडमनी नारळ घेतला नाही, शालही घेतली नाही. "मला कशाला देताव? मीच पळवलं होतं तिला," असं तोंडावर म्हणाल्या. ती माणसं गोंधळून गेली. मग मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि एस.टी.पर्यंत सोडायला गेल्या.

चौकशी बसली. साक्षीला मीही होतो. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, "मध्येच शिट्टी वाजवून शर्यत कुणी थांबवली?"

"मी."

"आणि एवढ्या उन्हात सुरू कुणी केली?"

"तीबी मीच."

"तुमच्यावर कुणाचा दबाव होता?"

सचिव खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. प्राचार्य मान खाली घालून बसलेले. मला वाटलं, आता घेतील नाव.

"शिट्टी माझ्या गळ्यात होती," मॅडम म्हणाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, पण ज्यांनी सोसलं त्या बाईच बोलत नाहीत म्हटल्यावर माझ्या बोलण्याला कोण विचारतो. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "नाव का नाही घेतलं?"

"घेऊन काय मी सुटले असते?" त्या म्हणाल्या. "पोरी त्यांच्या बोलण्यानं पळाल्या न्हाईत, सर. माझ्या शिट्टीनं पळाल्या."

मॅडमना विभागीय मंडळावरून काढलं. ती शर्यत रद्द ठरली. झालीच नाही असं धरून दुसऱ्या जिल्ह्यात काही आठवड्यांनी पुन्हा घेतली. मीरा गेली, पळाली. पण ती पूर्वीची मीरा नव्हती. संघात सहाजणी घेतात. ती सातवी आली. परत येताना ती गाडीत मॅडमपासून सगळ्यात लांबच्या सीटवर बसली होती. पुढच्या आठवड्यापासून तिनं मैदानावर येणं सोडलं, मग कॉलेजात येणंही. एकदा दाखला न्यायला आली, तेव्हा व्हरांड्यात मॅडम समोरून आल्या. मीरा वाकून पाया पडायला गेली. मॅडमनी तिला अर्ध्यात धरलं.

"नको. राग आलाय ना? मग पाया पडू नको."

मीरा दाखला घेऊन निघून गेली. मॅडम तिच्यामागं गेल्या नाहीत. मला ते खटकलं. ज्या बाईनं पोरी खांद्याला हात लावून मोजल्या, तिनं हीच पोरगी कशी जाऊ दिली, असं वाटलं. पण विचारायची हिंमत झाली नाही. त्या वर्षाअखेर मॅडमनी संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात बदली मागून घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या. जायच्या दिवशी माझ्याकडं येऊन एवढंच विचारलं, "पिंगळीला पॅसेंजर थांबती ना, सर, अजून?"

"थांबते की."

त्यांनी मान डोलावली आणि गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. पेपर तपासायला नांदेडला निघालो होतो. पॅसेंजर पिंगळीला क्रॉसिंगसाठी थांबली होती. सकाळची वेळ, फलाटावर तुरळक माणसं. माझ्या खिडकीपासून थोड्याच अंतरावर बाकावर टेकाळे मॅडम बसल्या होत्या. मी त्यांना असं नुसतं बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. त्यांच्यासमोर मीरा उभी होती. अंगानं भरलेली, गळ्यात मंगळसूत्र, पिठाचे डाग पडलेली साडी, बहुतेक गिरणीतूनच उठून आलेली. ती बोलत होती. हातवारे करत, मध्येच पदरानं तोंड पुसत, पुन्हा बोलत होती. किती वर्षांचं साठलेलं ती त्या बाईच्या अंगावर ओतत होती कुणास ठाऊक. मॅडम मान वर करून तिच्याकडं बघत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

मी हाक मारली नाही. खिडकीतून जरा आतच सरकलो.

फलाटापलीकडच्या रुळावरून एक्सप्रेस धाडधाड निघून गेली. तो आवाज विरला तेव्हा मीराचं बोलणं संपलं होतं. ती दमून मॅडमच्या शेजारी बसली होती. दोघी त्या रिकाम्या रुळाकडं बघत होत्या. आमच्या गाडीनं हिसका दिला.

"पुढं मीच होते ना, मॅडम?" मीरानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तूच होतीस," मॅडम म्हणाल्या. "लय पुढं होतीस. मागं कुणी दिसत नव्हतं."

गाडी हलली.